भाजीच्या शेंगेचं बी का उगवत नाही?

"बुधवार बाजारातून आणलेल्या मुनग्याच्या शेंगेतलं बी काढून कुंडीत टोचलं, तर उगवेल का हो?"

बागकामाचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच, आणि विचारणाऱ्याने बहुतेक वेळा तो प्रयोग करून झालेला असतो. कुंडीला रोज पाणी घातलं, पंधरा दिवस वाट पाहिली, शेवटी माती उकरली तर बी कुजलेलं. मग निष्कर्ष निघतो की मुनगा बीपासून येत नाही, त्याची फांदीच रोवावी लागते. शेजारच्या काकूही तेच सांगतात, कारण त्यांच्या सासऱ्यांनी फांदीच रोवली होती.

मुनगा बीपासून येतो. सहज येतो, इतका की मे महिन्यात सात-आठ दिवसांत कोंब दिसतो. चूक झाली ती शेंग निवडण्यात. आणि नागपुरात दुसरी, जास्त महागात पडणारी चूक होते ती झाड जमिनीत लावताना. या प्रकरणात दोन्ही पाहू, पण जास्त वेळ दुसरीवर घालवू.

नावाचं आधी उरकून घेऊ. पुण्या-मुंबईकडचा वाचक ज्याला शेवगा म्हणतो आणि कोकणात ज्याला शेगट म्हणतात, तोच आपला मुनगा. छत्तीसगडातही मुनगाच, तेलुगूत मुनग, तमिळमध्ये मुरुंगै. शास्त्रीय नावातलं 'मोरिंगा' हे याच दक्षिणी नावांच्या घराण्यातलं. म्हणजे पुण्याच्या पाहुण्यांनी 'मुनगा' ऐकून भुवया उंचावल्या, तर जगाच्या वनस्पतिशास्त्राने नागपूरच्या बाजूने कौल दिला आहे एवढं सांगायला हरकत नाही.

1. हुरडा कोणी पेरतं का?

भाजीसाठी शेंग घेताना आपण काय बघतो? ती हिरवी हवी, वाकवली तर लवचिक हवी, मोडली तर आत पांढरा गर हवा आणि बिया इतक्या मऊ हव्यात की दाताखाली कळू नयेत. बी जून झालेली शेंग आपण नाक मुरडून बाजूला ठेवतो. म्हणजे भाजी घेताना आपण नेमकी अशी शेंग निवडतो, जिच्यातलं बी अजून तयारच झालेलं नाही.

ज्वारीचं उदाहरण घ्या. हुरड्याचा दाणा दिसायला दाणाच असतो. कणसात असतो, आकारही आलेला असतो, चवीला तर पक्क्या दाण्याहून सरस. पण हुरडा कोणी पेरत नाही. दाणा पक्का होताना आधी आत रोपाचा गाभा तयार होतो, मग त्या गाभ्याभोवती शिधा साठतो, आणि शेवटी दाण्यातलं पाणी उतरून तो टणक होतो. शेवटची पायरी आपल्याला नुसतं वाळणं वाटतं, पण त्या वाळण्यातच बी टिकाऊ होतं. भाजीची शेंग म्हणजे मुनग्याचा हुरडा. तिच्यातलं बी ओल्या मातीत गेलं की रुजण्याआधी सडतं.

बियाण्याची शेंग झाडावरच वाळू द्यावी लागते. हिरवी शेंग तपकिरी होते, सालीवरच्या शिरा उठून दिसतात, हलवली की आत खुळखुळ वाजतं. आणखी थोडे दिवस राहिली तर ती लांबीला तीन फाकांत उकलते. आत कापसासारख्या मऊ गरात साधारण पंधरा-वीस काळपट बिया ओळीने बसलेल्या असतात. प्रत्येक बी हरभऱ्याएवढं, आणि त्याला कागदासारखे पातळ तीन पंख. नागपुरात गावरान झाडांच्या शेंगा एप्रिल-मेमध्ये उकलतात, नेमक्या वावटळींच्या दिवसांत. ते पंख कशासाठी, हे वेगळं सांगायला नको.

बी किती दिवस टिकतं, हा लगेच येणारा प्रश्न. मुनग्याच्या बीचा गर तेलकट असतो, त्यात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तेल असतं. तेल असलेली वस्तू जुनी झाली की काय होतं हे शेंगदाण्याच्या डब्यात आणि जवसात आपण पाहतोच. बी खवट होत जातं तसतशी त्याची उगवण घटते. म्हणून बियाणं याच उन्हाळ्याचं घ्यावं. पाकीट विकत घेतलं तर किंमत नंतर बघा, आधी तारीख बघा.

2. फांदी रोवावी की बी लावावं?

फांदी रोवणाऱ्यांची बाजूही खरी आहे. मनगटाएवढी जाड फांदी पावसाच्या तोंडाशी रोवली की ती फुटते, आणि जिच्यावरून फांदी आणली त्या झाडाच्या शेंगा गोड असतील तर या झाडाच्याही गोडच येतात. कारण फांदी म्हणजे नवं झाड नव्हे. जुन्याच झाडाचा तुकडा दुसऱ्या अंगणात वाढत असतो.

बीचं तसं नाही. मुनग्याच्या फुलावर भुंगे आणि मधमाश्या येतात. काळे मोठे भुंगे घोंगावत एका झाडावरून दुसऱ्यावर जातात, त्यामुळे आई तुमच्या अंगणातली आणि बाप तीन गल्ल्या पलीकडचा, असं सर्रास होतं. गोड आंब्याची कोय लावली की तस्साच आंबा येईल याची खात्री नसते, तसंच हे. गोड शेंगेच्या बीपासून आलेल्या झाडाला थोड्या कडवट, आखूड किंवा कमी गराच्या शेंगा लागू शकतात.

मग बी कशाला लावायचं? कारण जमिनीखाली आहे. बीपासून आलेलं झाड सरळ खाली जाणारं एक जाड सोटमूळ धरतं. फांदीपासून आलेल्या झाडाला ते नसतं, त्याची मुळं बाजूंना आणि वरवर पसरतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी चार वाजता आभाळ काळं होतं, धूळ उठते, आणि पंधरा मिनिटांचं अवकाळी वादळ रस्त्यावरची होर्डिंगं वाकवून जातं. त्या पंधरा मिनिटांत फरक कळतो. आमच्या आवारातला फांदीचा मुनगा बारा वर्षांचा, घरच्यांचा लाडका होता. एका संध्याकाळी तो मुळासकट भिंतीवर आडवा झाला. मुळं पाहिली तर पसरट टोपल्यासारखी, खोली जेमतेम दीड फूट.

'बाप तीन गल्ल्या पलीकडचा' ही अडचण बरीच कमी करणारं बियाणंही आता मिळतं. सगळ्यात जास्त ऐकू येतं ते पीकेएम-1. हे नाव ऐकून लोकांना खताचं पोतं आठवतं, पण पीकेएम म्हणजे पेरियाकुलम. तमिळनाडूतल्या या गावी तिथल्या कृषी विद्यापीठाचं उद्यानविद्या महाविद्यालय आहे आणि तिथून 1989 मध्ये हा वाण बाहेर पडला. तो बीपासूनच लावायचा, आणि सहा-आठ महिन्यांत शेंगा देतो. शेंग दोन फुटांहून थोडी लांब. त्याच्याच पुढचा पीकेएम-2 आणखी लांब शेंगांचा. महाराष्ट्रातले म्हणाल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा कोकण रुचिरा, आणि सिन्नर तालुक्यातल्या शहा गावी एका शेतकऱ्याने निवडून वाढवलेला रोहित-1. घरच्या एका झाडासाठी वाणावरून फार डोकं शिणवू नये, असं माझं मत. लवकर शेंगा हव्या असतील तर पीकेएम-1 घ्या. घरात पानांची भाजी आवडत असेल तर ओळखीच्या गावरान झाडाचं बी उत्तम. फक्त गावरानाच्या शेंगांसाठी एक-दोन उन्हाळे थांबायची तयारी ठेवा.

3. अक्षयतृतीयेला पिशवीत, मृगानंतर जमिनीत

मुनगा उबेचा भुकेला आहे. दिवसाचं तापमान 25 ते 35 अंशांच्या आसपास असलं की बी भराभर रुजतं, गारठ्यात ते नुसतं पडून राहतं. मी एकदा हौसेने डिसेंबरात बारा बिया लावल्या होत्या. सव्विसाव्या दिवशी एक उगवली आणि तिनेही जानेवारी पाहिला नाही. नागपूरची थंडी कमी लेखू नये. 29 डिसेंबर 2018 ला आपल्याकडे पारा 3.5 अंशांवर उतरला होता.

म्हणून बेत असा करावा. अक्षयतृतीयेच्या सुमारास, म्हणजे झाडावरच्या शेंगा उकलतात त्याच दिवसांत, ताजं बी पिशवीत लावायचं. नवतप्याच्या उन्हात पिशव्या लिंबाच्या सावलीत किंवा हिरव्या जाळीखाली ठेवायच्या. काळी पिशवी उघड्या उन्हात ठेवली तर आतली माती इतकी तापते की मूळ उकडून निघतं. मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाले की रोप जमिनीत. मृग कोरडा गेला तर थांबा, पंचांग बघून पाऊस येत नाही.

पिशवी फूटभर उंच हवी. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशव्या जपून ठेवणाऱ्यांचा हिरमोड होईल, पण त्या इथे कामाच्या नाहीत. का, ते पुढच्या भागात येईल. पाच किलो तांदळाची पिशवी दुमडून चालते, तेलाचा उंच कॅन वरून कापून चालतो. तळाला चार-पाच भोकं पाडा. एक घमेलं माती, एक घमेलं रेती, एक घमेलं जुनं शेणखत एकत्र करून भरा. ताजं शेण नको.

बी रात्रभर पाण्यात भिजवा. पाण्यावर तरंगलेलं बी फोल समजून फेकून द्यावं असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं, पण मुनग्याच्या बाबतीत ते ऐकू नका. पंखांत आणि टरफलात हवा असते, त्यामुळे चांगलं बीसुद्धा तरंगतं. सकाळी बी बोटाच्या एका पेराएवढं खोल टोचायचं, पाऊण ते एक इंच. त्याहून खोल नको. पंख काढायची गरज नाही.

एका पिशवीत किती बिया टोचाव्यात, याचा हिशेब करू. समजा तुमच्या बियाण्यातल्या 10 पैकी 6 बिया उगवतात, 4 वाया जातात. दहा पिशव्यांत एकेक बी लावलं तर साधारण चार पिशव्या रिकाम्या राहतील. आता प्रत्येक पिशवीत दोन बिया लावा. पिशवी रिकामी राहायला दोन्ही बिया वाया जायला हव्यात. पहिली वाया जाण्याची शक्यता 10 त 4, दुसरीचीही 10 त 4. दोन्हींचा गुणाकार 100 त 16. म्हणजे दहा पिशव्यांत एखाद-दुसरीच रिकामी. तिसरी बी लावली तर 1000 त 64, पण त्या जास्तीच्या फायद्यासाठी दहा बिया खर्ची पडतात. दोन पुरेत. दोन्ही उगवल्या तर पंधरा दिवसांनी त्यातलं अशक्त रोप कात्रीने बुडाशी कापा. उपटू नका, उपटताना शेजारच्याचं मूळ दुखावतं.

सातव्या ते बाराव्या दिवसादरम्यान कोंब येतो, आणि इथे नवशिक्यांची एक गंमत होते. त्यांना आधी दोन जाड डाळी वर आलेल्या बघायच्या असतात. विदर्भातल्या शेतात सोयाबीन आणि तूर शेजारीशेजारी पेरलेली असते, तिथे जुलैत जाऊन बघा. सोयाबीन उगवताना आपल्या दोन डाळी डोक्यावर घेऊन मातीबाहेर येतं. तूर तसं करत नाही, डाळ जमिनीतच ठेवते आणि वर नुसता कोंब पाठवते. मुनगा तुरीच्या जातीने वागतो. शिधा खाली, स्वयंपाक वर. म्हणून आठव्या दिवशी काही दिसलं नाही तरी माती उकरून बघण्याचा मोह आवरा. आणि एखाद्या रात्री गोगलगायीने कोंब खाल्ला तरी पिशवी लगेच रिकामी करू नका. शिधा खाली शिल्लक असेल तर दुसरा कोंब येण्याची आशा असते.

पाण्याबद्दल एकच सांगतो. बोट मातीत पेरभर खुपसा. ओलं लागलं तर पाणी घालू नका. पिशवीतली रोपं उन्हाने कमी आणि प्रेमाने जास्त मरतात.

4. जमिनीखालचा माठ

दोन महिन्यांचं रोप पिशवीतून काढून बघितलंत, तर एक अनपेक्षित गोष्ट दिसेल. वर बोरूएवढी काडी आणि खाली पांढरं, गुबगुबीत, मुळ्यासारखं मूळ. मुनग्याचं मूळ लहानपणीच फुगतं आणि पाणी साठवून ठेवतं. कोरड्या डोंगरउतारावरचं झाड हे. त्याचं मूळ घर हिमालयाच्या पायथ्याचा, भारताच्या वायव्येकडचा प्रदेश मानतात. पावसाचं पाणी वाहून जातं, मग आठ महिने कोरडे. अशा ठिकाणी जगायचं तर घरात माठ हवा. मुनगा तो माठ जमिनीखाली ठेवतो.

आता दुधाची पिशवी का नको, हे लक्षात येईल. चार-पाच इंच खोलीत तो माठ मावत नाही, मूळ तळाला टेकून वाकडं होतं. एकदा वाकडं झालेलं सोटमूळ जमिनीत गेल्यावर सरळ होत नाही. मग बीपासून लावल्याचा जो मुख्य फायदा होता, तोच गेला. त्याच कारणाने रोप पिशवीत दोन महिन्यांहून जास्त ठेवू नये आणि लावताना काडीला धरून ओढू नये. पिशवी ब्लेडने उभी चिरा आणि मातीचा गोळा जसाच्या तसा खड्ड्यात उतरवा.

त्या मुळाचा तुकडा मोडून वास घ्या. मोहरीच्या फोडणीत जो झणका असतो तसला वास येईल. हा योगायोग नाही, मोहरी आणि मुनगा एकाच गणातल्या वनस्पती आहेत. त्यांच्या पेशी फुटल्या की दोन वेगवेगळ्या ठेवलेल्या गोष्टी एकत्र येतात आणि तिखट वाफ तयार होते. किड्यांविरुद्धचं हत्यार आहे ते. पपईसुद्धा याच गोतावळ्यातली. पटत नसेल तर पपईचं एक काळं बी चावून बघा. इंग्रज आमदानीत साहेबलोक हे मूळ किसून मांसाबरोबर तोंडीलावणं म्हणून खात. आपण खाऊ नये. मुळाच्या सालीत अपायकारक द्रव्यं असतात.

जो माठ उन्हाळ्यात झाडाला जगवतो, तोच पावसाळ्यात त्याचा घात करतो. मांसल, पाण्याने भरलेलं मूळ चिखलात चार दिवस राहिलं तर बटाट्यासारखं सडतं. वरून आपल्याला दिसतं ते एवढंच की पानं पिवळी पडली. मग आपण म्हणतो, पाणी कमी पडलं, आणि आणखी पाणी घालतो.

5. काळ्या मातीतला हौद

नागपूरला वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. शहराच्या पुष्कळ लेआउटमध्ये खाली काळी चिकणमाती आहे. ही माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. मे महिन्यात तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि आपल्या कंपाउंडच्या भिंतींना दर दोन वर्षांनी तडे का जातात याचंही एक कारण तेच. ओल्या काळ्या मातीतून पाणी फार हळू झिरपतं. देशभरच्या मातीचा नकाशा काढणारी राष्ट्रीय संस्था आपल्याच अमरावती रोडवर आहे, पण प्लॉट घेताना खालची माती कोणती हे विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

आता आपण काय करतो? पुस्तकात लिहिलेलं असतं, दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या आणि खत-मातीने भरा. सब्बल लावून आपण घट्ट काळ्या मातीत चौकोनी खड्डा खणतो, त्यात भुसभुशीत खतमाती आणि रेती भरतो, मधोमध रोप लावतो. काम देखणं दिसतं. जुलैची झड लागली की आजूबाजूचं पाणी भुसभुशीत जागेत उतरतं आणि चारी बाजूंच्या चिकणमातीमुळे बाहेर पडत नाही. आपण खड्डा नाही, हौद बांधलेला असतो, आणि रोप त्या हौदात उभं असतं. नागपुरात मुनग्याची जेवढी रोपं मरताना मी पाहिली, त्यातली निम्मी तरी जुलै-ऑगस्टमध्ये, अशा देखण्या खड्ड्यांत मेली.

तुमची जमीन कशी आहे हे घरच्या घरी कळतं. फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा आणि पूर्ण जिरू द्या. लगेच पुन्हा भरा, आत पट्टी उभी करा आणि एका तासात पातळी किती उतरली ते बघा. दोन-तीन इंच उतरली तर जमीन चांगली आहे, खड्डा करून लावा. इंचभरही उतरली नाही तर खणू नका, चढवा. तीन-चार फूट रुंद आणि फूट-दीड फूट उंच असा मातीचा ओटा करा. आपल्याच मातीत मुरूम, रेती आणि शेणखत मिसळा, आणि रोप त्या ओट्यावर लावा. पाणी उतरून जाईल आणि मूळ वरच्या मोकळ्या मातीत बाळसं धरून मग खालच्या काळ्या मातीत शिरेल. काळी माती वाईट नाही, तिच्यात ओल फार दिवस टिकते. रोपाची तिच्याशी पहिली भेट भर पावसात होऊ नये एवढंच.

ज्यांच्याकडे गच्चीशिवाय जागा नाही, त्यांनी अर्धा कापलेला दोनशे लिटरचा ड्रम वापरावा आणि शेंगांपेक्षा पानांची अपेक्षा ठेवावी.

आता एक खास नागपुरी सल्ला. मे महिन्यात कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना घालायची आपल्याकडे रीत आहे. पाणी वाया जाऊ नये हा हेतू चांगला. पण हिशेब करा. टाकी 40 लिटरची, दिवसभरात चार वेळा आणखी 40-40 लिटर घातलं, म्हणजे एकूण 200 लिटर. रात्री टाकीत 40 लिटर उरलं. 160 लिटर वाफ होऊन हवेत गेलं, पण वाफेबरोबर क्षार जात नाहीत. 200 लिटरमधले सगळे क्षार उरलेल्या 40 लिटरमध्ये, म्हणजे मूळ पाण्याच्या पाचपट. कूलरच्या गवतावर जो पांढरा थर बसतो तो हाच. बोरवेलचं पाणी असेल तर बघायलाच नको. मोठ्या लिंबाला हे पाणी चालून जाईल, मुनग्याच्या पिशवीतल्या रोपाला नको.

6. शेंडा खुडायला हात धजत नाही

जमिनीत बसलेलं रोप पाऊस संपेपर्यंत कमरेच्या वर जातं. मोकळं सोडलं तर पहिल्याच वर्षी ते दुमजली घराच्या खिडकीशी येईल, आणि शेंगा अशा उंचीवर लागतील की त्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या कामाच्या. शेंडा जोवर आहे तोवर तो खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. घरात कर्ता पुरुष बसला असला की धाकटे बोलत नाहीत, तसं. रोप अडीच-तीन फुटांचं झालं की शेंडा नखाने खुडा. पंधरा दिवसांत खालून चार-पाच फांद्या फुटतील. त्याही हातभर झाल्या की त्यांचे शेंडे खुडा. खुडलेलं वाया जात नाही, डाळ घालून त्याची भाजी करा. दर वर्षी शेंगा संपल्या की झाड छातीएवढ्या उंचीवर छाटावं. नवं फूल नव्या फांदीवर येतं.

थंडीत पानं पिवळी होऊन गळतात तेव्हा घाबरू नका. खोडावर नखाने किंचित खरवडा, आत हिरवं दिसलं तर झाड झोपलं आहे. होळीच्या आसपास ते उठतं.

7. दारात मुनगा नको म्हणतात, ते का?

मुनगा दारात लावू नये, त्यावर भूत बसतं, असं माझी आजी सांगायची. भुताची मला माहिती नाही, पण सल्ला खरा आहे आणि त्याची दोन कारणं आहेत. एक, लाकूड अत्यंत ठिसूळ. पोरगं फांदीवर चढलं की फांदी पोरासकट खाली. दोन, पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे थवेच्या थवे चिकटतात. ते पानं फस्त करतात ते वेगळंच, त्यांचे केस अंगाला लागले की आग होते आणि गांधी उठतात. ज्या दारातून दिवसातून वीस वेळा जायचं, तिथे हे नको. गेटपासून आठ-दहा फूट दूर, परसात लावा. सुरवंट दिवसा खोडावर गठ्ठ्याने बसलेले सापडतात तेव्हाच लांब काठीला फडकं बांधून साबणाच्या पाण्याने भरलेल्या बादलीत ढकलावेत. पानं खायची असलेल्या झाडावर विषारी फवारा मारू नये.

8. दुधाच्या सतरा पट, संत्र्याच्या सात पट

झाड लावायला हल्ली लोक उत्सुक असतात ते भुकटीच्या जाहिराती वाचून. दुधाच्या सतरा पट कॅल्शियम, संत्र्याच्या सात पट 'क' जीवनसत्त्व. आकडे खोटे नाहीत, तुलना लबाड आहे. 100 ग्रॅम सुक्या भुकटीत सुमारे 2000 मिलिग्रॅम कॅल्शियम, 100 ग्रॅम दुधात 120. भागाकार केला की सतरा. पण दुधात बहुतेक पाणीच, आणि भुकटीतलं पाणी आपण आधीच वाळवून काढलेलं. शिवाय भुकटी 100 ग्रॅम कोण खातं? मोठा चमचा म्हणजे 8 ग्रॅम, त्यात 160 मिलिग्रॅम. 200 ग्रॅमच्या पेलाभर दुधात 240. पेला जिंकला.

संत्र्याचंही तेच. ताज्या पानांत 100 ग्रॅमला 220 मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व, जाहिरातींच्या तक्त्यात संत्र्याला 30. पण भाजीत एकाच्या वाट्याला पानं येतात वीस-पंचवीस ग्रॅम, म्हणजे कच्ची असताना 50 मिलिग्रॅम, आणि कढईच्या आचेने त्यातलं बरंच जातं. संत्री आपण सोलून कच्ची खातो, आणि दोन-दोन खातो. नागपुरात बसून संत्र्याचा असा अपमान वाचवत नाही. मुनग्याची पानं पालेभाज्यांत फार वरच्या नंबराची आहेत, 100 ग्रॅमला सहा ग्रॅमच्या वर प्रथिनं आहेत, आणि एवढं त्यांच्यासाठी पुरेसं आहे.

9. चिंधी बांधलेली शेंग

पहिल्या बहराच्या शेंगा लागल्या की घरात आणि शेजारात वाटप सुरू होतं. त्याआधी झाडाभोवती एक चक्कर मारा. मजबूत फांदीवरची, सरळ, भरदार शेंग बियाण्यासाठी निवडा. शक्यतो दोन निवडा, कारण एखादी किडते. तिच्या देठाला लाल चिंधी बांधा आणि घरातल्या सगळ्यांना, कामाला येणाऱ्या बाईंना आणि वरच्या भाडेकरूंना सांगून ठेवा की ही भाजीची नाही. नुसत्या चिंधीने काम भागत नाही. आमच्याकडे पहिल्या वर्षी चिंधी बांधलेली शेंगच कोणीतरी तोडून नेली. ती एवढी चांगली असल्याशिवाय खूण कशाला केली असती, असं त्यांना वाटलं असणार.